मातीच्या चषकांची साक्ष

सोन्यारुप्याचे भांडे आणि मातीचे भांडे यांत टिकाऊ कोणते, असे विचारले तर कोणीही सोन्यारुप्याकडेच बोट दाखवील. इतिहासाचा निवाडा मात्र निराळा आहे. प्राचीन ग्रीकांची धातूची पात्रे बहुतेक वितळवली गेली. पोलिग्नोटससारख्या थोर चित्रकाराची भित्तिचित्रेही नष्ट झाली. उरले ते कुंभारांचे चषक. कारण भाजलेली माती गंजत नाही, आणि फुटलेल्या खापरांचा मोह कोणाला पडत नाही.

अथेन्समध्ये इ. स. पू. सहाव्या व पाचव्या शतकांत घडविलेला ‘किलिक्स’ हा उथळ, दोन कानांचा आणि उंच बैठकीचा चषक. त्याच्यावरील तकतकीत काळा रंग म्हणजे लोहयुक्त मातीचाच तलम गाळ होय. भट्टीत प्रथम वारा खेळता ठेवावयाचा, मग तो अडवून धूर कोंडावयाचा आणि अखेरीस पुन्हा वारा सोडावयाचा. गाळाचा थर काळा राही. बाकीचे अंग तांबडे होई. एकाच मातीतून, एकाच भट्टीत दोन रंग! आरंभी तांबड्या अंगावर काळ्या आकृती काढीत, इ. स. पू. ५२५च्या सुमारास हा क्रम उलटला आणि काळ्या भूमीवर तांबड्या आकृती उमटू लागल्या.

ग्रीक पुरुष मंचकावर रेलून, मद्यात पाणी मिसळून पीत. घरच्या स्त्रियांना त्या बैठकीत स्थान नव्हते. चषकाच्या तळाशी चित्र असे. मद्य ओसरे तसतसे ते प्रकट होई. एक्झेकियास याने इ. स. पू. ५३०च्या सुमारास घडविलेला चषक आज म्युनिकमध्ये आहे. त्यात मद्यदेव डायोनिसस गलबतात पहुडला आहे, डोलकाठीवर द्राक्षवेल चढली आहे आणि भोवती सात डॉल्फिन पोहत आहेत. बाहेरच्या अंगावर मोठे डोळे आहेत. चषक ओठी लावताच पिणाऱ्याचा जणू मुखवटा होई. हा चषक मिळाला तो मात्र ग्रीसमध्ये नव्हे, इटलीत, एट्रुस्कन लोकांच्या व्हुल्ची येथील दफनभूमीत. असे अनेक चषक परक्यांच्या थडग्यांनीच जतन केले.

व्युर्त्सबुर्ग येथील एका चषकाच्या तळाशी तर ओकारी काढणारा तरुण आहे आणि एक मुलगी त्याचे डोके सावरून धरते आहे. शेवटचा घोट घेणाऱ्यालाच हे चित्र पुरते दिसे! आपल्या समाजाचे सुख आणि त्या सुखाचा शेवट इतक्या निर्भीडपणे रेखाटणाऱ्या त्या चित्रकाराचे नाव आज कोणास ठाऊक नाही. ब्रिगोस नावाच्या कुंभारासाठी तो चित्रे काढी, म्हणून अभ्यासक त्याला ‘ब्रिगोसचा चित्रकार’ म्हणतात. राजांच्या सुवर्णपात्रांनी जे सांगितले नसते, ते या अनामिक कारागिराने मातीच्या तळाशी लिहून ठेवले आहे.