ऑनिक्स

मेंदूतील एव्हीएम, म्हणजे धमनी-नीला विकृती, आतून बुजवण्यासाठी कॅथेटरवाटे सोडायचे द्रव बहुवारिक. या विकृतीत धमनी व नीला यांच्यामध्ये केशवाहिन्या नसतात. धमनीतले रक्त जोराने थेट नीलेत शिरते. अशा गुंत्यातून रक्तस्राव होण्याचा धोका दरवर्षी ढोबळमानाने २ ते ४ टक्के असतो.

ऑनिक्समध्ये एथिलीन-व्हिनाइल अल्कोहॉल हे सहबहुवारिक डायमिथाइल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) या द्रावकात विरघळवलेले असते. क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात टँटॅलमची भुकटी घालतात. ती तळाशी बसते, म्हणून वापरण्यापूर्वी कुपी सुमारे २० मिनिटे हलवत ठेवावी लागते. रक्तात पोचताच द्रावक निघून जातो आणि बहुवारिक घट्ट होऊ लागते. तेही बाहेरून आत. तापल्या दुधावर साय धरते तसे वर कवच येते, आतला भाग मात्र काही काळ वाहता राहतो. म्हणून डॉक्टरला थांबता येते, चित्र पाहता येते आणि पुन्हा थोडे पुढे ढकलता येते. ऑनिक्सचे खरे मोल या सवडीत आहे. आधीपासून वापरात असलेला एन-बीसीए हा सायनोॲक्रिलेट गोंद रक्त लागताच काही सेकंदांत जमतो. हात जरा रेंगाळला की कॅथेटरचे टोकच चिकटून बसते.

ही सवड फुकट मिळत नाही. डीएमएसओ घाईने सोडल्यास वाहिनीची भिंत दुखावते, आणि साधे कॅथेटर त्यात टिकत नाही. द्रव मागे ओघळला तर ऑनिक्समध्येही कॅथेटर अडकते. नीलेचा मार्ग अवेळी बंद झाला तर गुंता फुटू शकतो. डीएमएसओमुळे उपचारानंतर एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तो निरुपद्रवी असतो, पण नातेवाइकांना आधी सांगितलेले बरे.

अशा मिश्रणाचे पहिले वर्णन वारो ताकी व सहकाऱ्यांनी जपानमध्ये १९९० साली केले. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने ऑनिक्सला २००५ मध्ये मान्यता दिली, तीही शस्त्रक्रियेने गुंता काढण्याआधीची तयारी म्हणून. केवळ ऑनिक्सने विकृती पूर्ण नाहीशी होते ती मोजक्या, बहुधा लहान गुंत्यांत. न फुटलेल्या एव्हीएमवरील ‘अरुबा’ चाचणीत (२०१४) सुमारे ३३ महिन्यांच्या पाठपुराव्यात पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत १०.१ टक्के, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार वा वाहिनी बुजवणे यांपैकी काही केलेल्यांत ३०.७ टक्के आढळले. पाठपुरावा अल्प असल्याची टीका या चाचणीवर झाली. तरीही न फुटलेल्या गुंत्यात ऑनिक्स सोडण्यापूर्वी, गुंत्याला हात न लावता केवळ औषधोपचार करण्याचा पर्याय रुग्णापुढे ठेवणे आवश्यक ठरते.