हौसेची भरारी

विमान हा मुंबईस आधीं हौसेचा विषय होता, व्यवसायाचा मागाहून. १९२८ सालीं बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला आणि जुहूस दोन आसनांचीं हलकीं 'मॉथ' विमानें उडूं लागलीं. तेथेंच शिकून जे. आर. डी. टाटा यांनीं १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांत दिला गेलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळविला.

इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. १९३० सालीं टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्यें अबूकीर येथें इंजिनियर स्पार्क-प्लगांवाचून अडकून पडले होते. टाटांनीं आपल्याजवळचे प्लग त्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले, आणि बक्षीस इंजिनियरांनीं जिंकलें.

पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटाच कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. १९६० सालीं इंजिनियर वायुदलाचे प्रमुख झाले. बक्षीस एकालाच मिळालें. देशाला मात्र दोघेही लाभले.