खेडे हा घटक : सातिवलीच्या शिवेचा विचार

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून कुलांचा, कुलदैवतांचा व मूळ स्थानांचा इतिहास वेळोवेळी येत असतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर हा इतिहास घडला तिच्या सीमा कोणी आखल्या, कोणी बदलल्या आणि त्या बदलताना रहिवाशांना कोणी विचारले काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच चर्चिला जातो. प्रभागरचनेच्या निमित्ताने तो आता घरोघर येऊन ठेपला आहे. म्हणून सातिवली हे एक गाव डोळ्यांपुढे ठेवून त्याचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

वसईहून पूर्वेस निघालेला रस्ता गोखिवऱ्याची वस्ती मागे टाकून तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाऊ लागला की सातिवलीची हद्द लागते. एके काळी भातखाचरे व गवताची कुरणे जेथे होती, तेथे आज कारखान्यांचे गाळे आणि कामगारांच्या चाळी उभ्या आहेत. तरीही गावठाण, गावदेवी, स्मशान आणि डोंगराकडचे पाडे यांनी मिळून होणारे गाव जुन्या माणसांच्या मनात अजून एकसंध आहे.

या तालुक्याने राज्ये पुष्कळ पाहिली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पुढे १८१८ मध्ये पेशवाईच संपली. परगणे गेले, तालुके आले. ठाणे जिल्हा विभागून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. या सर्व उलथापालथींत महसुलाच्या कागदावरचे ‘मौजे’ मात्र टिकून राहिले. सारा घेणारा कोणीही असो, त्याला गाव हाच घटक धरून व्यवहार करावा लागे. शिवेचा दगड हा गावाच्या अस्तित्वाचा दाखला होता.

स्वराज्यात या मौजाला मताचा अधिकार लाभला. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीस सातपासून सतरापर्यंत सभासद दिले आणि ग्रामसभेस कायद्यात स्थान मिळाले. सभासद ओळखीचा असे, आणि चुकला तर पारावर त्याला जाब विचारता येत असे. पंचायतीत भाऊबंदकी नव्हती असे नव्हे. परंतु भांडण गावातले होते आणि निकालही गावातच लागत होता.

ही व्यवस्था आपल्या तालुक्याच्या मोठ्या भागात ३ जुलै २००९ रोजी संपली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. बागायतीवर जगणाऱ्या गावांनी त्यास कडाडून विरोध केला. कर वाढेल, हिरवी पट्टी इमारतींखाली जाईल आणि गावाचा आवाज शहराच्या गर्दीत बुडेल, ही त्यांची भीती होती. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईतून श्री. विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले, ते मुख्यतः याच प्रश्नावर. ३१ मे २०११ रोजी शासनाने एकोणतीस गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले व वर्षानुवर्षे तेथे राहिले. अखेर २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवण्याची भूमिका घेतली. लहान मूल या वादाच्या आरंभी शाळेत गेले असेल, ते तोपर्यंत मतदार झाले होते.

सातिवली आज महापालिकेच्या हद्दीत आहे. तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न महापालिकेच्या आत कोणत्या रेघेत बसावयाचे, हा आहे. येथे थोडे गणित आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांहून थोडी अधिक होती. सभासदसंख्या ११५, म्हणजे एका सभासदामागे सुमारे साडेदहा हजार माणसे. २०१५ ची निवडणूक एकसदस्य प्रभागांनी झाली. २०२५ च्या रचनेत मात्र २९ प्रभाग झाले, आणि एक सोडून बाकी सर्व चार सदस्यांचे. म्हणजे एका प्रभागात सरासरी बेचाळीस हजार माणसे आली. पंचायतीच्या काळी ज्या गावाची स्वतःची सभा भरत असे, ते गाव या संख्येत भाकरीच्या पिठातल्या मिठाएवढे उरते. मीठ एका जागी राहिले तर चव तरी लागते; ते दोन पातेल्यांत वाटले तर कोठेच कळत नाही.

प्रभागरचनेचे नियम मनमानी आहेत असे म्हणता येणार नाही. आखणी उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेस संपते. नाले, मोठे रस्ते, लोहमार्ग यांना सीमा मानतात. जनगणनेचा प्रगणक गट फोडीत नाहीत. लोकसंख्या सरासरीहून शेकडा दहापेक्षा अधिक पुढेमागे होऊ देत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो विभागू नयेत, असाही निर्देश असतो. प्रत्येक मताचे मोल सारखे असावे हे तत्त्व न्याय्य आहे, आणि चाळीतला परप्रांतीय कामगारही आपल्याइतकाच मतदार आहे. त्याविरुद्ध आपली तक्रार असू नये. परंतु या नियमांत प्रगणक गटाला जे अभंगत्व मिळाले ते गावठाणाला मिळालेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. नाला ही नकाशावर सोयीची सीमा खरी. परंतु त्याच नाल्याच्या दोन्ही काठांवर एकाच गावचे पाडे असतात.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो आदिवासी पाड्यांना. राखीव जागा प्रभागातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरते. पाड्यांची रांग दोन प्रभागांत विभागली गेली तर दोन्हीकडे प्रमाण उतरते व जागा तिसरीकडे जाते. कागदावर कोणाचेही मत हिरावलेले नसते. पण प्रतिनिधी मात्र हरपतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. आंध्र व मद्रास यांच्या सीमातंट्यात मध्यस्थ श्री. ह. वि. पाटसकर यांनी खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या व भौगोलिक सलगता ही सूत्रे धरली आणि १९५९ मध्ये त्याप्रमाणे कायदा झाला. बेळगाव-कारवारच्या प्रश्नात महाराष्ट्राने हेच सूत्र मागितले. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले, महाजन आयोग नेमला गेला, आणि १९६७ चा त्याचा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला. त्याचे एक प्रमुख कारण आयोगाने खेडे हा घटक मानला नाही, हेच होते. राज्याच्या सीमेवर जे तत्त्व आपण प्राणपणाने मांडले, ते आपल्याच तालुक्यातील प्रभागाच्या सीमेवर विसरावे काय?

आता उपायाचा विचार. राज्यघटनेच्या २४३-झेडजी या अनुच्छेदाने मतदारविभाग आखणीचा कायदा न्यायालयात आव्हानित करण्यास बंदी घातली आहे. त्यामुळे प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतर हरकती व सूचनांसाठी जे थोडे दिवस मिळतात, तीच गावाची खरी संधी होय. हद्दीत गावे घेण्या-वगळण्याच्या बाबतीतही विहित पद्धतीचे महत्त्व थोर आहे. कल्याण-डोंबिवलीतील सत्तावीस गावे १९८३ मध्ये आत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. २०२० मध्ये त्यांतील अठरा गावे वगळण्याचा निर्णय झाला. परंतु महापालिकेशी कायद्याने आवश्यक असलेला विचारविनिमय झाला नाही, म्हणून उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. विचारणे चुकले की शासनाचाही निर्णय टिकत नाही, आणि विचारले असता गावाने उत्तरच दिले नाही तर ती चूक गावाची ठरते.

म्हणून ज्ञातिबांधवांना नम्र विनंती अशी की, पुढील प्रारूपाची वाट न पाहता गावाची कागदपत्रे आताच सिद्ध ठेवावीत. गावनकाशा, गावठाणाची हद्द, पाड्यांची नावे, प्रगणक गटांचे क्रमांक, शाळा, पाण्याच्या टाक्या व स्मशान यांची स्थाने एका कागदावर आणावीत. हरकत लेखी असावी, मुदतीत द्यावी, पोच घ्यावी व सुनावणीस जातीने हजर राहावे. केवळ ‘अन्याय झाला’ असे न लिहिता कोणता प्रगणक गट कोणत्या प्रभागात हवा आणि तसे केल्याने लोकसंख्येचे प्रमाण कसे बिघडत नाही, हे दाखवावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. ही हरकत एका ज्ञातीच्या नावाने जाऊ नये. तिच्यावर आपल्या सह्यांशेजारी पाड्यातल्या वारल्याची व कातकऱ्याची, आणि चाळीत दहा वर्षे राहिलेल्या कामगाराचीही सही असावी. शीव जशी सर्वांची, तशी हरकतही सर्वांची असेल, तरच ती गावाची ठरेल. आणि गावाची ठरली तरच ऐकणाऱ्याला ती बाजूस सारणे जड जाईल.