पंचांगशोधन

पारंपरिक पंचांगाचे ग्रहगणित वेधांशी जुळवून घेण्यासाठी महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली चळवळ. व्रते, श्राद्धे व सण पंचांगावरून ठरत असल्याने हा ज्योतिर्गणिताइतकाच धर्मशास्त्राचाही वाद झाला.

गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ (शके १४४२, इ. स. १५२०) हा येथील पंचांगकर्त्यांचा मुख्य करणग्रंथ (ग्रहगणिताचा व्यवहारोपयोगी ग्रंथ). ज्या-चापांचा खटाटोप टाळणाऱ्या त्याच्या रीती गावोगावच्या जोशांना सोयीच्या पडल्या. पण पुढे गणित व आकाश यांत अंतर पडत गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) रचली. त्यांच्याच गणितावर शके १७८७ पासून ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले.

पहिला वाद तिथीच्या लांबीचा. साठ घटकांची तिथी फार तर पाच घटका वाढते व सहा घटका घटते, हा ‘बाणवृद्धी-रसक्षय’ संकेत धर्मशास्त्रींना प्रमाण होता. चंद्राच्या सूक्ष्म गतीने काढल्यास ती सुमारे सात घटका वाढते, दहा घटका घटते. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, हे त्यामुळे कधीकधी बदलते. दृक्‌प्रत्यय (गणिताचा आकाशाशी प्रत्यक्ष मेळ) मानणाऱ्यांची बाजू येथे निर्विवाद वरचढ आहे. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे, की धर्मकृत्यांसाठी आर्ष (ऋषिप्रणीत ग्रंथांतले) गणितच घ्यावे.

दुसरा वाद राशिचक्राच्या आरंभाचा, आणि तो दुर्बिणीने सुटण्यातला नव्हे. छत्रे व लोकमान्य टिळक यांनी रेवतीचा योगतारा (झीटा पिशियम) धरला. वेंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे सूर्याची चार दिवसांची वाट. म्हणून रेवती मानणाऱ्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, चित्रा मानणाऱ्या सोलापूरच्या दाते पंचांगात १४–१५ ला. अधिकमासही निराळे पडतात. तसे झाल्यास एकाच गावात दोन घरचे गणपती महिन्याच्या अंतराने बसू शकतात. प्राचीनांना कोणता बिंदू अभिप्रेत होता, याविषयी मतभेद आहेत.

सायनवाद (राशिचक्र ताऱ्याऐवजी वसंतसंपातापासून मोजावे, हे मत) : पुरस्कर्ते विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक, शंकर बाळकृष्ण दीक्षित. लोकांत रुजला नाही.

पंचांगशोधनासाठी भरलेल्या परिषदा : मुंबई (१९०४), सांगली (१९२०).

राष्ट्रीय दिनदर्शिका : मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ (१ चैत्र, शके १८७९) पासून लागू. ही सायन आहे. सण मात्र निरयन (ताऱ्यांच्या आधारे राशिचक्र मोजणाऱ्या) पंचांगांवरूनच पाळले जातात.