न उमटलेली रेघ

सन १८५१ मध्ये लंडनच्या एडवर्ड मेरीऑन या डॉक्टराने वैद्यांच्या सभेपुढे काही मुलांची हकीकत मांडली. एकेका घरातले सख्खे भाऊ चालता चालता पडू लागत, पुढे जिना चढेनासे होत आणि अखेर अंथरुणाला खिळत. दोष मज्जारज्जूचा नसून स्नायूंचाच आहे, हेही त्याने दाखविले. तरी रोगाला नाव मिळाले ते पुढे त्याचे सविस्तर वर्णन करणाऱ्या फ्रान्सच्या ड्यूशेनचे. इतिहासाचा न्याय असा पुष्कळदा तिरपा असतो!

हा रोग बहुधा मुलग्यांनाच होतो आणि आईच्या वंशातून उतरतो असे दिसून आले, आणि मग बोट साहजिकच आईकडे वळले. पण १९३५ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या गणिताने तिची बाजू घेतली. रोगी मुलगा निपुत्रिक जात असूनही रोग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्या अर्थी सुमारे एकतृतीयांश मुलांत तो नव्यानेच उपजत असला पाहिजे. तेथे आई निर्दोष. (हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) मात्र समोर बसलेली आई त्या एकतृतीयांशातली की नाही, हे गणित कसे सांगणार?

१९८७ पर्यंत बोस्टनच्या लुई कुंकेल यांच्या चमूने या रोगाचे जनुक हुडकून काढले. वीस लाखांहून अधिक अक्षरांचा हा अवाढव्य ग्रंथ. त्यात कामाचा मजकूर ७९ तुकड्यांत विखुरलेला. बहुसंख्य रोग्यांत यातला एखादा तुकडा किंवा काही तुकडे गळालेले असतात. पण ती गळती शोधायला त्या काळी दिवसचे दिवस लागत.

इकडे कॅलिफोर्नियात कॅरी म्यूलिस यांना १९८३ साली रात्री मोटार हाकता हाकता एक युक्ती सुचली होती. डीएनए तापवला की त्याचे दोन पदर सुटतात. निवल्यावर प्रत्येक पदरावर नवा जोडीदार विणून घ्यायचा, पुन्हा तापवायचे. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर प्रती! विणणारे द्रव्य उष्णतेने मरू नये म्हणून पुढे उकळत्या झऱ्यांतल्या जंतूचे द्रव्य कामी आले.

१९८८ मध्ये ह्यूस्टनच्या जेफ्री चेंबरलेन व सहकाऱ्यांनी एकाच नळीत या जनुकाच्या अनेक तुकड्यांच्या प्रती काढल्या. जो तुकडा मुळातच नाही त्याची प्रत निघत नाही. पट्टीवर त्याची रेघ उमटत नाही. रक्ताच्या चार थेंबांवर एका दिवसात निदान!

पण हे मुलाचे झाले. मुलापाशी एक्स गुणसूत्र एकच, म्हणून गाळलेली जागा उघडी पडते. आईपाशी दोन, एकात गळती असली तरी दुसऱ्यातला धड तुकडा रेघ उमटवतोच. म्हणजे जिला विचारायचे तिच्याच बाबतीत परीक्षा मुकी! रेघ आहे की नाही एवढे पाहून भागेना, प्रती एक की दोन हे मोजावे लागले. ती मोजणी सोपी करणारी रीत नेदरलँड्समध्ये निघाली २००२ साली.

आणि मोजणीत दोन्ही प्रती शाबूत निघाल्या तरी डॉक्टर पुढच्या बाळंतपणाबद्दल निर्धास्त राहा असे सांगत नाहीत. रक्त निर्दोष असूनही आईच्या काही बीजपेशींत गळती असू शकते, म्हणून पुढच्या गर्भाचीही परीक्षा सुचवतात.