रीवाचा मोहन

मे 1951. विंध्य प्रदेशात सीधीच्या जंगलात रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांना पांढरा बछडा सापडला. गोविंदगढच्या महालात त्याला ठेवलं, नाव दिलं मोहन. बेगम वाघिणीपासून त्याला दहा पिल्लं झाली, सगळी पिवळीच! पांढरा रंग यायला आई-बाप दोघांकडूनही तो दुर्मीळ जनुक यावा लागतो. मग मोहनची जोडी लावली त्याच्याच लेकीशी, राधाशी. 1958 साली चार पांढरी पिल्लं जन्मली. त्यांतली मोहिनी 1960 मध्ये थेट वॉशिंग्टनला गेली. पुढेही नात्यातच जोड्या लागत राहिल्या. अधू पिल्लं त्यातूनच आली. आता सांगा, याला संवर्धन म्हणायचं? पांढरा वाघ ही वेगळी जातच नाही, मित्रहो. आणि जंगलातला पांढरा वाघ मारला गेल्याची शेवटची नोंद? तीही 1958 चीच.