आडनाव आणि कुळ : डेन्मार्कचे उदाहरण

आपल्या कुळाची वंशावळ जुळविणारे ज्ञातिबांधव बहुधा आडनावाचा धागा धरूनच मागे जातात. समान आडनाव म्हणजे समान मूळपुरुष, ही समजूत कितपत टिकते हे पाहावयाचे असल्यास युरोपातील आडनावांचा इतिहास उद्बोधक आहे.

तिकडेही आडनावे धंद्यावरून, गावावरून, पित्याच्या नावावरून वा टोपणनावावरून पडली. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट आणि हंगेरीचा कोवाच हे तिघेही लोहारच. परंतु त्यांचे परस्परांशी रक्ताचे नाते नाही. टोपणनावांची परंपरा तर थेट प्राचीन रोमपर्यंत पोचते. सुप्रसिद्ध वक्ता सिसेरो याचे कुलनाम हरभऱ्यावरून आलेले! राजकारणात शिरताना ते बदलण्याचा सल्ला मित्रांनी दिला असता त्याने तो मानला नाही, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो.

डेन्मार्कमधील बहुतेक शेतकऱ्यांना मात्र स्थिर आडनावच नव्हते. पेडरचा पुत्र येन्स हा येन्स पेडरसन. त्या येन्सचा पुत्र नील्स हा नील्स येन्सन, आणि कन्या असल्यास ती येन्सडॅटर. म्हणजे पिढीगणिक नाव निराळे. येन्स आणि हान्स हे सख्खे भाऊ असले तरी एकाची मुले येन्सन, तर दुसऱ्याची हान्सन! अशा लोकांची नोंद ठेवणे सरकारी दप्तरास अवघडच. १८२८ साली फर्मान निघाले की, बाप्तिस्म्याच्या वेळीच बालकास कायमचे कुलनामही द्यावे. जुनी रीत सहजासहजी सुटेना, म्हणून १८५६ मध्ये सरकारला पुन्हा हुकूम काढावा लागला. त्या सुमारास ज्याचे जे पितृनाम होते, तेच पुष्कळदा गोठून साऱ्या वंशाचे झाले. त्यामुळे मुलीही 'सन' म्हणजे पुत्र म्हणवू लागल्या. मूळ नावे मोजकीच असल्याने येन्सन, नील्सन, हान्सन यांचा एवढा सुकाळ झाला की, १९०४ मध्ये आडनाव बदलणे सुलभ करणारा कायदा झाला. साहजिकच तेथील वंशावळकार आडनावापेक्षा चर्चच्या जन्मनोंदींवरच अधिक भिस्त ठेवतो.

आइसलँडने नेमकी उलट वाट धरली. तेथे १९२५ च्या कायद्याने नवी कुलनामे घेण्यासच बंदी केली. १९८० ते १९९६ या काळात राष्ट्राध्यक्षपद भूषविणाऱ्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांच्या नावाचा उत्तरार्ध म्हणजे केवळ 'फिन्बोगीची कन्या'. तेथील दूरध्वनी-सूचीही व्यक्तीच्या स्वतःच्या नावानुसारच लावलेली असे.